नानावटी खटला : ज्यूरीचा कौल आणि लोकांचा कौल

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी मुंबईच्या सेशन्स न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांना खुनाच्या आरोपातून निर्दोष ठरविले. ही वार्ता पसरताच शहरात ठिकठिकाणी आनंद व्यक्त झाला. परंतु ज्या कारणासाठी लोक आनंदित झाले होते, ते कारण आरोपीची मुख्य कैफियत नव्हतेच, ही गोष्ट त्या क्षणी फार थोड्यांच्या लक्षात आली असेल.

नानावटी हे ‘मैसूर’ या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी, प्रेम अहुजा या व्यापाऱ्याशी आपले संबंध असल्याचे त्यांच्या पत्नीने त्यांच्यापाशी कबूल केले. त्यानंतर त्यांनी पत्नीला व मुलांना मोटारीने एका चित्रपटगृहापाशी सोडले, नौकेवर जाऊन खोटे निमित्त सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली, अहुजा यांच्या कचेरीत चौकशी केली व ते तेथे नाहीत असे कळल्यावर त्यांचे घर गाठले. शयनगृहाचे दार आतून बंद झाले आणि अल्पावधीतच गोळ्यांचे आवाज आले. नानावटी तेथून निघाले व स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.

या हकिगतीतील बराचसा भाग वादाचा नव्हता. वाद होता तो बंद दाराआड काय घडले याविषयी. आरोपीच्या म्हणण्याप्रमाणे, पत्नीशी विवाह करून मुलांचा सांभाळ करणार काय, असा प्रश्न त्यांनी अहुजांना केला. त्यावर अपमानास्पद उत्तर मिळाले. रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि तीत गोळ्या अपघाताने सुटल्या. म्हणजे, आपण मारावयास गेलो नव्हतो, अशी ही भूमिका होती. याउलट, रस्त्यावरचा माणूस नानावटींना डोक्यावर घेत होता तो त्यांनी मारले म्हणूनच! अब्रूसाठी शस्त्र उचलणारा पती ही प्रतिमा लोकांना प्रिय होती. अपघाताची कथा त्यांनी ऐकली असेलही, पण तिच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

ही प्रतिमा घडविण्यात वृत्तपत्रांचा, विशेषतः रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाचा वाटा मोठा होता. पांढऱ्या शुभ्र गणवेशातील देखणा, कर्तबगार अधिकारी एका बाजूस व चैनी, श्रीमंत तरुण दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी आठवड्यामागून आठवडे होत राहिली, आणि अंक मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. फेरीवाले ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ नावाची खेळणी व ‘अहुजा टॉवेल’ विकू लागले. या टॉवेलचा विनोद झाला, पण न्यायालयाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा पुरावा होता. अहुजा नुकतेच स्नान करून आले होते व त्यांच्या कमरेस केवळ टॉवेल होता. दोन पुरुषांत खरोखर झटापट झाली असती, तर तो सुटल्याशिवाय राहिला असता काय? मृतदेहावर तो जसाच्या तसा होता.

सेशन्स न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ज्यूरीचा कौल मान्य झाला नाही. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ अन्वये, ज्यूरीशी मतभेद असल्यास व न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास, न्यायाधीशाला प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविता येत असे. मेहता यांनी तेच केले. तेव्हा लोकांनी ज्या सुटकेचा उत्सव केला, ती कायद्याच्या दृष्टीने अद्याप सुटका झालेलीच नव्हती. उच्च न्यायालयाला खुद्द मेहता यांनी ज्यूरीस केलेल्या मार्गदर्शनातही दोष आढळले. अपघात झाला हे दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर असते, हे ज्यूरीला सांगितलेच गेले नव्हते. ११ मार्च १९६० रोजी न्यायमूर्ती शेलत व नाईक यांनी नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली.

त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ही शिक्षा तहकूब करून त्यांना नौदलाच्या ताब्यातच ठेवण्याची व्यवस्था केली. आता प्रक्षोभाने दिशा बदलली. राज्यपालांच्या समर्थनार्थ कावसजी जहांगीर सभागृहात पारशी समाजाची मोठी सभा झाली. दुसरीकडे, सामान्य कैद्याला हा न्याय मिळाला असता काय, असे विचारले जाऊ लागले. मृत अहुजा सिंधी होते, आणि त्या समाजातील अनेकांना आपले म्हणणे कोणी ऐकतच नाही असे वाटले, तर त्यात नवल नाही. अपील सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असा हुकूम लागू ठेवता येणार नाही, असा निर्णय घटनापीठाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने दिला.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा पर्यायी मुद्दाही टिकला नाही. घरातून निघाल्यापासून गोळ्या झाडीपर्यंत सुमारे तीन तास लोटले होते, आणि मन ताब्यात आणण्यास हा अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. लोकांच्या मनातला नानावटी नेमका येथे हरला.

या खटल्यामुळेच भारतातील ज्यूरीपद्धती बंद झाली असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही. कायदा आयोगाने १९५८ सालच्या अहवालातच ती रद्द करण्याची शिफारस केली होती, आणि या खटल्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी बसत राहिल्या. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत मात्र ज्यूरीला स्थान उरले नाही.

नानावटींच्या दयेच्या अर्जाला राजकीय अडचण होती ती सिंधी समाजाच्या नाराजीची. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली, तेव्हा भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही दुसऱ्या एका प्रकरणात माफी देण्यात आली. तत्पूर्वी अहुजांच्या बहिणीची लेखी संमती मिळविण्यात आली होती. गोळ्यांचे आवाज आले त्या दिवशी ती त्याच घरात होती, आणि तिने सरकार पक्षातर्फे साक्षही दिली होती. १९६८ मध्ये नानावटी पत्नी व मुलांसह कॅनडाला निघून गेले. २००३ साली तेथेच त्यांचे निधन झाले.