जठराचा सामू

माती परीक्षणाच्या कागदावरचा ‘सामू’ तुमच्या ओळखीचा आहे. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. एक आकडा खाली उतरला की आम्लता दसपट वाढते. आता तुमच्या जठरात पाझरणाऱ्या रसाचा सामू ऐका : १ ते २! या रसात कुठलेही पीक उभे राहायचे नाही.

हे हायड्रोक्लोरिक आम्ल जठराच्या अस्तरातल्या पेशी तयार करतात. दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस पाझरतो. डाळीतली, दुधातली प्रथिने फोडणारा पाचकरस या आम्लाशिवाय जागा होत नाही. पाण्यातून पोटात गेलेले पुष्कळ जंतू इथेच मरतात, भाजीभाकरीतले लोह विरघळते. म्हणून आम्लाला सरसकट शिव्या देणे मला पटत नाही.

पाझर सुटतो तो घास पोटात पडण्याआधीच. रशियातील पावलोव यांनी कुत्र्याच्या अन्ननलिकेला गळ्यापाशी वाट करून दिली. खाल्लेला घास तिथूनच बाहेर पडे, तरी जठररस वाहू लागे. पचनावरील संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे चुलीवरच्या फोडणीचा वास आला की मेंदूकडून जठराला वर्दी जाते. अन्न पोचल्यावर गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि पाझर जोर धरतो. आम्लता फार वाढली की गॅस्ट्रिन आपोआप थांबते, टाकी भरल्यावर फ्लोटने पाणी बंद व्हावे तसे.

मग जठर स्वतःच का पचत नाही? शेततळ्याला आपण प्लॅस्टिकचा कागद अंथरतो, तसा जठराला आतून बुळबुळीत थर असतो. तो विरला की आम्ल भिंतीला लागते आणि व्रण पडतो.

पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन गेलात की पहाटे आजूबाजूला पाहा. रात्रभर जागरण, रिकाम्या पोटी चहा, तंबाखूचा बार आणि कंबर धरली म्हणून दुकानातून मागून घेतलेली वेदनाशामक गोळी. मिरचीला आपण उगाच बदनाम करतो. घाव त्या गोळीचा मोठा! अशा बहुतेक गोळ्या तो थर तयार होण्याचे कामच मंदावतात, आणि तेही रक्तातून. त्यामुळे त्याच औषधाचे इंजेक्शन घेतले तरी जठर सुटत नाही.

दुसरा वैरी हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू. ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतःच पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. डॉ. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ साली नोबेल मिळाले. या जंतूवर औषधे आहेत, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत घ्याव्या लागतात. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून पुडी फळीवर ठेवू नका.

खाण्याच्या सोड्याने ढेकर येतो, व्रण भरत नाही. रक्तदाब असेल तर त्यातले सोडियम बाधते. दुधाने घटकाभर बरे वाटते, मग तेच दूध पाझर वाढवते.

शौचाला डांबरासारखे काळे झाले, उलटीत रक्त दिसले तर त्याच दिवशी ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठा. घास अडकू लागला, वजन उतरू लागले तर दुर्बिणीने तपासणी करून घ्या. छातीतल्या जळजळीबरोबर दरदरून घाम आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा.