सहाबारी रिव्हॉल्व्हर आणि साठीनंतरचे कान

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील ज्येष्ठ कधीकधी एक अनपेक्षित प्रश्न विचारतात : जुन्या धर्तीच्या सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरने नेमबाजी करणे या वयात झेपेल का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजलेल्या ‘काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग’ या खेळात ज्येष्ठांसाठी वयानुसार स्वतंत्र गट असतात, आणि पोलादी लक्ष्यावर गोळी आदळल्याचा टणत्कार निवृत्त मनालाही तरतरी देतो.

कोल्ट कंपनीच्या १८७३ सालच्या लष्करी नमुन्यावर हे शस्त्र बेतलेले असते. प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. मग चाप हलकेच दाबला की बार उडतो. जुन्या घडणीत घोडा थेट काडतुसावर टेकतो, म्हणून सहांपैकी एक घर रिकामे सोडून त्यावर तो टेकवण्याची शिस्त आहे.

कायद्याची एक बाब आधीच सांगतो. पर्यटक व्हिसावर मुलांकडे गेलेल्यांना तेथील संघराज्य कायद्यानुसार, शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक वा काडतुसे जवळ बाळगता येत नाहीत. मैदानावर घटकाभर हाती घेणेही अंगाशी येऊ शकते. आपण पाहुणे असाल, तर प्रेक्षकच राहावे. मात्र पुढील मजकूर प्रेक्षकांसाठीही आहे.

बाराच्या धक्क्याची भीती सर्वांनाच वाटते. मला कानांची अधिक वाटते. रिव्हॉल्व्हरच्या बाराचा आवाज १५० डेसिबलच्या पलीकडे जातो, आणि १४० डेसिबलपुढचा क्षणिक स्फोटही आंतरकर्णातील केशपेशींना कायमची इजा करू शकतो. या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. उतारवयात उंच पट्टीतले स्वर ऐकण्याची शक्ती आधीच घटलेली असते. त्यात भर पडली की नातवंडांचे कोवळे आवाज हरवतात, दूरध्वनी नकोसा होतो, आणि माणूस चारचौघांत बसूनही एकटा पडतो. म्हणून कानांत बोळे आणि वरून कान पूर्ण झाकणारे इअरमफ, दोन्ही वापरावेत. कापूस निरुपयोगी. श्रवणयंत्र हे संरक्षण नव्हे. ते काढून ठेवावे. चष्म्याच्या जाड काड्यांमुळे इअरमफला फट राहते, तीही पाहावी. कानांतील गुणगुण दुसऱ्या दिवशीही टिकली किंवा एकाएकी कमी ऐकू येऊ लागले, तर विनाविलंब कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे.

अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, तर आधाराच्या हाताच्या अंगठ्याने घोडा ओढावा. द्विनाभी चष्म्यातून नळीच्या टोकावरील खूण पाहताना मान मागे टाकावी लागते आणि मानेचे दुखणे बळावते. त्याऐवजी हाताच्या अंतराला जुळणारा, न फुटणाऱ्या भिंगांचा वेगळा चष्मा करून घ्यावा. हात थरथरतो म्हणून औषधांशी खेळ मात्र नको. मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे कंपही कमी करतात, म्हणूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजीत ती निषिद्ध आहेत. ती परस्पर सुरू करू नयेत; चालू असल्यास एकाएकी थांबवणे तर हृदयासाठी धोक्याचे.

या खेळात शिशाच्या गोळ्या वापरतात. ती धूळ सॅनिटायझरने जात नाही, साबण-पाणीच हवे. पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढण्याची आपली रीत येथे फारच उपयोगी! लहान मुलांच्या बाबतीत शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. तेव्हा कपडे बदलल्याखेरीज नातवंडाला मांडीवर घेऊ नये.

घरातील काळजीवाहकांशी थोडे निराळे बोलायचे आहे. अमेरिकेत वृद्ध पुरुषांच्या आत्महत्यांत बंदूक हेच सर्वाधिक आढळणारे साधन आहे. जोडीदाराचा वियोग, उडालेली झोप, निरवानिरवीची भाषा किंवा वाढता विसराळूपणा दिसला, तर शस्त्र घरात राहू देऊ नका. त्या राज्याच्या नियमांप्रमाणे ते अन्यत्र ठेवण्याची सोय करा. ‘कुलूप आहे ना’ या समाधानात राहू नका; किल्ली कोठे असते ते वडिलांना ठाऊक असते. जीव नकोसा झाला आहे का, हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार बळावत नाही. तेथे ९८८ या क्रमांकावर अहोरात्र मदत मिळते, आणि काळजीत पडलेले नातेवाईकही तेथे दूरध्वनी करू शकतात.