फौंड्रीतली धूळ : मर्यादेच्या आत म्हणजे नक्की कशाच्या आत?

मुरगूड आणि आसपासच्या गावांतली कितीतरी पोरं कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. त्यातली बरीच फौंड्रीत. म्हणून आपल्या भागात ‘कामाच्या जागेची हवा’ हा संशोधनाचा विषय घेणारे विद्यार्थीही दरवर्षी निघतात. तुम्ही त्यातले असाल, तर नमुने घ्यायच्या आधी एक गोष्ट पक्की करा: तुमचा आकडा तुम्ही कोणत्या मर्यादेशी ताडून बघणार आहात?

आधी पदार्थ बघू. साच्याची वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, स्फटिकरूप सिलिका. साचा फोडताना, फेटलिंग करताना, ग्राइंडर मारताना तिची बारीक पूड हवेत जाते. साधारण ४ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण फुप्फुसात खोलवर पोचतात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा सिलिकेला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं.

आता कायदा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये कलम ४१-एफ आणि दुसरी अनुसूची आली. त्यात कामाच्या जागेच्या हवेत कोणतं रसायन किती चालतं, याची यादी आहे. बहुतेक रसायनांपुढे सरळ आकडा आहे. क्वार्ट्झपुढे मात्र सूत्र आहे. श्वसनयोग्य धुळीसाठी ते असं:

मर्यादा = १० ÷ (क्वार्ट्झची टक्केवारी + २), मिलिग्रॅम प्रति घनमीटर

समजा धुळीत २० टक्के क्वार्ट्झ आहे. मग मर्यादा १० ÷ २२, म्हणजे सुमारे ०.४५. गडबड इथेच होते. हे ०.४५ *सगळ्या* श्वसनयोग्य धुळीचं आहे, नुसत्या क्वार्ट्झचं नाही. त्यातलं क्वार्ट्झ २० टक्के, म्हणजे सुमारे ०.०९. उलट अमेरिकेच्या ओशाची २०१६ ची मर्यादा ०.०५ आणि एसीजीआयएचची शिफारस ०.०२५ ही दोन्ही थेट सिलिकेची आहेत. ०.४५ आणि ०.०५ एकाच तक्त्यात शेजारी मांडले, तर भारतीय मर्यादा नऊ पट ढिली दिसते. खरा फरक पावणेदोन-दोन पट आहे. परीक्षक तिथेच बोट ठेवेल.

दुसरी गोष्ट वेळेची. या मर्यादा ८ तासांच्या सरासरीच्या असतात. समजा फेटलिंगवाल्याने ५ तास ०.१२ आणि ३ तास ०.०२ इतकी सिलिका श्वासात घेतली. सरासरी = (०.६० + ०.०६) ÷ ८ = ०.०८२५. आता बघा, हाच माणूस वरच्या भारतीय हिशेबात मर्यादेच्या आत बसतो आणि ओशाच्या हिशेबात बाहेर पडतो. त्याच हवेत तो १२ तासांची ड्यूटी करत असेल, तर ८ तासांच्या मापात हा आकडा दीडपट होतो, सुमारे ०.१२. म्हणजे दोन्हीकडून बाहेर. म्हणून ओव्हरटाइमची नोंद ही किरकोळ बाब समजू नका, ती तुमच्या डेटाचा भाग आहे.

तिसरी गोष्ट नमुन्याची. नमुना कामगाराच्या कॉलरपाशी, त्याच्या श्वासाच्या टापूत घ्यायचा. नायलॉन सायक्लोन लावून पंप मिनिटाला १.७ लिटरवर चालवला, तर ८ तासांत ०.८१६ घनमीटर हवा ओढली जाते. हवेत ०.०५ सिलिका असेल, तर फिल्टरवर सुमारे ४१ मायक्रोग्रॅम जमते. पण पंप एकच तास चालवला, तर जेमतेम ५ मायक्रोग्रॅम. नायॉशच्या ७५०० क्रमांकाच्या क्ष-किरण विवर्तन पद्धतीची शोधमर्यादाही साधारण तेवढीच आहे. अशा वेळी प्रयोगशाळा ‘आढळले नाही’ लिहून देईल. त्याचा अर्थ ‘हवेत नाही’ असा काढू नका. तुम्ही पुरेशी हवाच गोळा केलेली नसते.

आणखी एक: बाहेरच्या हवेसाठीचं पीएम २.५ चं मानक (२४ तासांना ६० मायक्रोग्रॅम) इथे वापरायचं नाही. ते लहान मुलं, म्हातारी माणसं सगळ्यांसाठी आहे आणि त्यात धूळ कशाची हे बघत नाहीत.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मर्यादा म्हणजे ‘इथपर्यंत काही होत नाही’ अशी रेघ नव्हे. ०.०५ ठरवताना ओशानेच मान्य केलं होतं की या पातळीलाही धोका लक्षणीय उरतो. त्याहून खाली जाणं बहुतेक उद्योगांना जमणारं नाही, म्हणून आकडा तिथे थांबला. म्हणजे मर्यादेत विज्ञान असतं, तशी तडजोडही असते. शिवाय कारखाने अधिनियमाची जागा आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता घेते आहे. तेव्हा प्रबंधात कायद्याचं नाव आणि साल दोन्ही लिहा.

निष्कर्षात नुसतं ‘मर्यादेच्या आत’ लिहून मोकळं होऊ नका. कोणती मर्यादा, कोणत्या सालची, सगळ्या धुळीची की सिलिकेची, किती तासांची, हे त्याच वाक्यात येऊ द्या. कारण ते वाक्य वाचून कारखानदार हवा ओढून घेणारा पंखा बसवायचा की नाही हे ठरवू शकतो, आणि ग्राइंडरवर उभा असलेला माणूस तुमच्या तालुक्यातला असतो.