सॉफ्टवेअरचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहा

हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायला येणारे आधी कार्टूनचा छोटा व्हिडिओ दाखवतात. आम्ही शिक्षक माणसं, त्यामुळे एकच गोष्ट बघतो: तो संपल्यावर पाहणाऱ्याला काय करता आलं?

ई-वे बिलाचंच घ्या. भिवंडीहून ग्रे कापड प्रोसेसिंगसाठी सुरतेला निघालं. अंतर २०० किलोमीटरच्या वर, म्हणून मुदत २ दिवसांची. ही मुदत मालाची माहिती भरली तेव्हापासून नव्हे, तर 'पार्ट बी'मध्ये गाडीचा नंबर टाकला तेव्हापासून मोजतात, आणि पहिला दिवस संपतो दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री. वाचूनच डोकं गरगरतं ना? पण पडद्यावर गाडी पुढे सरकली, शेजारी घड्याळ फिरलं, की मुनीमजींनाही पटकन कळतं. मुदत संपलेली गाडी अडवली तर दंड, वर व्यापाऱ्याची बोलणी वेगळी!

पण बहुतेक व्हिडिओ कंपनीच्या कौतुकानेच सुरू होतात. ड्रॉपबॉक्सचा २००९ सालचा गाजलेला व्हिडिओ साध्या कागदी चित्रांचा होता, दोन-अडीच मिनिटांचा. त्यात माणसाची अडचण आधी आली, सॉफ्टवेअर नंतर. एका व्हिडिओत एकच काम शिकवलं तर पुरे. दहा सोयी दाखवल्या की एकही लक्षात राहत नाही, हे वर्गात आम्ही रोज पाहतो.

आणखी एक. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकूच येत नाही. म्हणून पडद्यावर ठळक अक्षरं हवीत, मराठीत आणि उर्दूतही, कारण अनेक घरांत अब्बा उर्दूच सहज वाचतात. सेल्समन आला तर पैसे देण्याआधी सांगा, "भाई, आवाज बंद करून दाखवा."