दोनशे अडुसष्ट फुटांखालचं विमान

१५ जुलै १९४२. ब्रिटनकडे निघालेली अमेरिकेची दोन बी-१७ बॉम्बफेकी आणि सहा पी-३८ लढाऊ विमानं खराब हवेमुळे माघारी वळली आणि इंधन संपत आल्यावर ग्रीनलँडच्या हिमपठारावर उतरली. पहिल्या वैमानिकानं चाकं खाली सोडली आणि विमान उलटलं. ते पाहून बाकीच्यांनी चाकं पोटातच ठेवून विमानं बर्फावर घसरवली. पंचवीसच्या पंचवीस माणसं सुखरूप परतली. विमानं तिथंच राहिली.

१९८१ मध्ये अटलांटाचे पॅट एप्स आणि रिचर्ड टेलर त्यांच्या शोधात निघाले. शेपट्या वर दिसतील, पंखांवरचा बर्फ झाडायचा, इंधन भरायचं आणि उडायचं, असा हिशेब. पण तिथला बर्फ वर्षाच्या वर्षाला वितळून जात नाही. नवा थर पडतो, जुना दबून घट्ट होतो. १९८८ मध्ये रडारनं विमानं सापडली ती सुमारे अडीचशे फूट खोल, आणि हिमनदीबरोबर मूळ जागेपासून मैलाहून अधिक सरकलेली.

एवढा बर्फ खणणार कोण? तो वितळवायचा ठरला. ‘गोफर’ नावाचं शंकूसारखं यंत्र, त्याला गुंडाळलेली तांब्याची नळी, नळीतून फिरणारं गरम पाणी. साखळीला टांगलेलं हे यंत्र तासाला जेमतेम दोनेक फूट खाली जाई आणि वितळलेलं पाणी पंपानं उपसलं जाई. माझ्या मते या कथेचा खरा नायक हाच. साहसाच्या गोष्टींत बॉयलरला जागा मिळत नाही, एवढंच.

१९९० मध्ये ते एका बी-१७ पर्यंत पोचले. रुंद, पोकळ धडाचं ते विमान वरच्या भारानं चेपून गेलं होतं. बर्फ जपतो म्हणतात ते अर्धंच खरं: गंज रोखतो, पण वजनही टाकतो. पी-३८ची बांधणी वेगळी, मध्ये आखूड कोठा आणि दोन सडपातळ दांडे. ते टिकलं असेल अशी आशा होती.

केंटकीचे व्यावसायिक रॉय शॉफनर यांच्या पैशावर १९९२ मध्ये पुन्हा विवर पाडलं. चार फूट रुंदीच्या त्या विवरातून माणूस खाली उतरायचा आणि गरम पाण्याच्या नळीनं विमानाभोवती गुहा कोरायचा. पंखांचा पसारा बावन्न फूट, म्हणून सगळं तिथंच सुटं केलं. टनावारी वजनाच्या मधल्या भागासाठी विवर रुंदवावं लागलं. केंटकीतल्याच मिडल्सबरोत दहा वर्षं दुरुस्ती झाली आणि २६ ऑक्टोबर २००२ रोजी ते पी-३८ ‘ग्लेशियर गर्ल’ या नावानं उडालं. बरेच भाग नव्यानं करावे लागले, म्हणून काहीजण नाक मुरडतात. पण वैमानिक बसवून उडवायचं तर चेपलेला पत्रा पूजेला ठेवून कसं चालेल?

घाईचा दाखलाही ग्रीनलँडमधलाच. १९४७ मध्ये गोठलेल्या तळ्यावर उतरलेलं ‘की बर्ड’ हे बी-२९ जागेवरच दुरुस्त करून उडवायचं डॅरिल ग्रीनामायर यांच्या चमूनं ठरवलं. दरम्यान चमूतला एक तंत्रज्ञ आजारी पडून गेला. मे १९९५ मध्ये इंजिनं चालू झाली, विमान बर्फावरून पुढे सरकू लागलं आणि आतल्या जनित्रापासून लागलेल्या आगीत जळालं.

१९४२च्या त्या ताफ्यातलं आणखी एक पी-३८ २०१८ मध्ये ड्रोनवरच्या रडारनं शोधलं. तीनशे फुटांहून खोल. दर हिवाळ्यात नवा थर पडतोच आहे, त्यामुळे पुढच्या गोफरला आणखी लांब नळी लागेल आणि शॉफनरांपेक्षा मोठी थैली.