सार्वजनिक शाळा आणि धर्मोपासना

राज्यसंस्था आणि धर्मसंस्था ह्यांची कार्यक्षेत्रे परस्परांहून पृथक् असावीत, हे तत्त्व अनेक लोकशाही राष्ट्रांनी स्वीकारले आहे. परंतु ह्या तत्त्वाची खरी कसोटी प्राथमिक शाळेच्या वर्गात लागते. कारण तेथील बालकास शिक्षकाचा साधा शब्दही आज्ञेसारखा वाटतो. ह्या दृष्टीने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहेत.

अमेरिकेच्या राज्यघटनेस १७९१ मध्ये जोडलेल्या पहिल्या दुरुस्तीने केंद्रीय विधिमंडळावर दुहेरी निर्बंध घातला: कोणताही धर्म राज्याचा धर्म म्हणून प्रस्थापित करू नये, आणि कोणाच्याही धर्माचरणास प्रतिबंध करू नये. विसाव्या शतकात न्यायालयाने हा निर्बंध घटक राज्यांसही लागू केला. तथापि अनेक राज्यांतील सार्वजनिक शाळांत दिवसाचा आरंभ प्रार्थनेने वा बायबलच्या वाचनाने होत असे.

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने बावीस इंग्रजी शब्दांची एक लहानशी प्रार्थना रचली होती. तीत कोणत्याही एका पंथाचा उल्लेख नव्हता. ज्यास ती म्हणावयाची नसेल, त्यास मौन राखण्याची वा वर्गाबाहेर जाण्याची मुभा होती. तरीही २५ जून १९६२ रोजी न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरविली. लोकांनी म्हणावयाची प्रार्थना रचणे हे शासनाचे कामच नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

मग मुभा असूनही अन्याय कोठे होतो? ह्याचे उत्तर १७ जून १९६३ च्या दुसऱ्या निवाड्यात सापडते. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यानुसार शाळेत प्रतिदिनी बायबलमधील किमान दहा वचने वाचावी लागत. पालकाने लिहून दिल्यास मुलास सूट मिळे. एडवर्ड शेम्प ह्या पालकांनी ती सूट घेतली नाही. त्यांनी न्यायालयात सांगितलेली कारणे मार्मिक आहेत. सूट घेतल्यास शिक्षक व सोबती ह्यांच्याशी मुलांचे संबंध बिघडतील; वाचनानंतरच्या सूचना मुलांच्या कानी पडणार नाहीत; आणि वर्गाबाहेर उभे राहणे ही तर गैरवर्तनाची शिक्षा समजली जाते! न्यायालयाने शाळेतील असे उपासनारूप वाचन अवैध ठरविले.

ह्यावरून धर्म हा विषयच शाळेतून हद्दपार झाला, असा ग्रह होणे चुकीचे ठरेल. धर्मांचा इतिहास, वाङ्मय व तुलनात्मक अभ्यास वस्तुनिष्ठ रीतीने शिकविता येतो, हे त्याच निवाड्यात स्पष्ट केलेले आहे. विद्यार्थ्याने आपल्या मनाने केलेल्या प्रार्थनेसही त्यात बंदी नाही. ह्या सीमारेषेविषयीचा वाद मात्र तेथे अद्याप शमलेला नाही. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सामन्यानंतर मैदानावर वैयक्तिक प्रार्थना करणाऱ्या एका शालेय क्रीडाप्रशिक्षकाचा हक्क मान्य केला.

आपल्या राज्यघटनेचा मार्ग काहीसा निराळा असला, तरी चिंता तीच आहे. अनुच्छेद २८ अन्वये पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थेतही अज्ञान विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. केरळात १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला.

धर्माविषयी माहिती देणे आणि धर्माचरण करवून घेणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद शिक्षकाने सदैव ध्यानी ठेवावा. संतांचे कार्य, बुद्धाची करुणा, येशूची सेवावृत्ती, रमजानच्या उपवासामागील भावना हे सर्व वर्गात अवश्य सांगावे. मात्र एखादे मूल परिपाठात गप्प राहिले, तर सर्वांसमक्ष त्यास कारण विचारू नये. त्यास वेगळे उभे करू नये, आणि त्याच्या मौनाचा संबंध शिस्तीशी जोडू नये. वर्गातील सर्वांत एकट्या मुलासही ही शाळा आपली वाटली, तरच ती खऱ्या अर्थाने सार्वजनिक शाळा होय.