फाइल सापडते कशी?

तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत राहता असे समजा. आईने तुम्हाला जिरे आणायला पाठवले आणि बजावले, “आधी कोपऱ्यावरच्या दुकानात बघ. तिथे नसेल तर गुलमंडीवर जा. तिथेही मिळाले नाही तर शहागंजात बघ.” कोपऱ्यावरच जिरे मिळाले, तर तुम्ही शहागंजापर्यंत जाल का? मुळीच नाही, मग शहागंजातले जिरे कितीही चांगले असो! संगणकही फाइल शोधताना असेच करतो.

मराठी विकिपीडियावर वेरूळच्या लेण्यांचे पान उघडा. पडद्यावर एकच पान दिसते, पण ते तयार करायला दूरच्या संगणकावर अनेक फाइली कामाला लागतात. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया ‘मीडियाविकी’ या आज्ञावलीवर चालतो आणि ती ‘पीएचपी’ भाषेत लिहिलेली आहे. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ साली या भाषेचा पाया घातला.

प्रत्येक पानासाठी सारे नव्याने लिहीत बसणे परवडणार नाही. म्हणून सामाईक भाग वेगळ्या फाइलीत ठेवतात आणि लागेल तेथे ‘इन्क्लूड’ या आज्ञेने बोलावतात. पुष्कळदा आज्ञेत फाइलीचे नुसते नाव असते, पत्ता नसतो. मग ती शोधायची कोठे? त्यासाठी फोल्डरांची एक यादी दिलेली असते. तिचे नाव ‘इन्क्लूड पाथ’. आपण तिला शोधमार्ग म्हणू. ही यादी ‘पीएचपी डॉट आयएनआय’ या फाइलीत लिहून ठेवतात, किंवा आज्ञावलीतूनच बदलतात.

यादीतले दोन फोल्डर वेगळे दाखवायला लिनक्समध्ये अपूर्णविराम (:) देतात, विंडोजमध्ये अर्धविराम (;). हा फरक का बरे? विंडोजमध्ये ‘सी:’ असे डिस्कचे नाव लिहितानाच अपूर्णविराम खर्ची पडलेला असतो! यादीत नुसते टिंब असेल, तर त्याचा अर्थ ‘सध्या काम चालू आहे तो फोल्डर’.

यादी संपली तरी फाइल मिळाली नाही, तर आज्ञा देणाऱ्या फाइलीचा स्वतःचा फोल्डर आणि चालू फोल्डर पाहिला जातो. तेथेही ती नसेल, तर ‘इन्क्लूड’ इशारा देऊन पुढे जाते. ‘रिक्वायर’ ही तिची कडक बहीण मात्र काम तेथेच थांबवते.

पण फाइल न सापडणे हा मोठा धोका नव्हे. तो लगेच कळतो. मोठा धोका आहे चुकीची फाइल सापडण्याचा. एकाच नावाच्या दोन फाइली दोन फोल्डरांत असतील, तर यादीत आधी येणारी उचलली जाते आणि कोणताही इशारा मिळत नाही. जुनी प्रत यादीत आधी येणाऱ्या फोल्डरात राहून गेली असेल, तर तुम्ही नव्या प्रतीत कितीही दुरुस्त्या करा, पान काही बदलणार नाही! दुसरी चूक अशी, की नवी यादी देताना जुनी जोडली नाही, तर जुनी पुसली जाते आणि काल सापडणाऱ्या फाइली आज सापडत नाहीत.

मीडियाविकीच्या जुन्या आवृत्त्यांत ही काळजी घेतलेली दिसते. यादीत आधी तिचा मुख्य फोल्डर, मग ‘इन्क्लूड्स’, मग ‘लँग्वेजेस’ आणि शेवटी आधीची यादी जोडलेली असे. म्हणजे आपले घर आधी, बाकीची नंतर, आणि हरवले काहीच नाही.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे पूर्ण पत्ता देणे. पूर्ण पत्ता असला की शोधमार्ग पाहिलाच जात नाही. २००९ साली पीएचपीच्या ५.३ या आवृत्तीत ‘ही फाइल ज्या फोल्डरात आहे तो’ असे सांगणारा खास शब्द आला. त्यामुळे सारे फोल्डर दुसऱ्या संगणकावर हलवले तरी पत्ता चुकत नाही.

करून पाहा: तीन खोक्यांवर १, २, ३ असे आकडे घाला. पहिल्यात व तिसऱ्यात ‘उत्तर’ असे नाव लिहिलेली एकेक चिठ्ठी ठेवा, पण आतला मजकूर वेगळा असू द्या. मित्राला १ पासून क्रमाने ‘उत्तर’ शोधायला सांगा. मग खोक्यांचा क्रम उलटा करून पुन्हा शोधायला लावा. चिठ्ठ्या त्याच, नाव तेच. तरी हाती येणारे उत्तर निराळे! असे का झाले, ते आता तुम्हीच त्याला सांगा.